फिल्टरमधली अकरा पिल्लं: राजारामपुरीतल्या एका टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजारामपुरीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. प्रकरण तिथल्या काचेच्या मासे-टाकीचं, आणि तिच्यातल्या चेरी श्रिंपच्या, म्हणजे बारक्या लाल झिंग्यांच्या, पिल्लांचं. घरात चौघं: माझा मित्र, वहिनी, त्यांची पाचवीतली मुलगी आणि मित्राचे वडील. वडिलांना सगळी गल्ली आबा म्हणते, मीही आबाच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. पाण्याचे आकडे आणि झालेल्या चुका, माझ्यासकट, तशाच ठेवल्या आहेत.

आबांची नोकरी या प्रकरणात महत्त्वाची आहे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची हयात गेली. उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेचं प्रमाण काढायचं आणि बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तपासायचे. बॉयलरच्या नळीत क्षारांचा थर बसला की नळी तापते आणि एक दिवस फुटते, म्हणून हार्डनेस हा त्यांचा जन्माचा वैरी. "पाण्यात पाण्याशिवाय काही नको" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकलं असेल.

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर आत ४५ लिटर पाणी. काळी खडी, मागे लटकवायचा फिल्टर, प्लॅस्टिकची चार झाडं, एक खरं, अनुबियास नावाचं पाणझाड आणि ५ गप्पी मासे. दसऱ्यानंतर मुलीच्या हट्टापायी त्यात १२ चेरी श्रिंप आले. ही मूळची तैवान आणि पूर्व चीनकडची जात. रानात तिचा रंग मातकट असतो, लाल रंग माणसानं निवडून निवडून आणलाय. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. आबांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "एवढ्याशा झिंग्याचं कालवण तरी होतंय का?"

अडचण

श्रिंप जगले, रंगले, नोव्हेंबरअखेर एका मादीच्या पोटाखाली अंडीही दिसली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलीला काचेवर पाच-सहा पिल्लं दिसली. चौथ्या दिवशी एकही नाही.

संशय गप्पींवर गेला, आणि तो रास्तच होता. दीड-दोन मिलिमीटरचं पिल्लू गप्पीच्या तोंडात सहज मावतं. गप्पी शेजारच्या मुलाला देऊन टाकले. टाकीत आता फक्त श्रिंप. जानेवारीअखेर दुसरी मादी व्याली. या वेळी पंधराएक पिल्लं मोजली. आठवड्यात तीन-चार उरली, मग तीही दिसेनाशी झाली. त्यातच दोन मोठ्या माद्या मेल्या. दोघींच्याही पाठीवर, डोक्याचं कवच जिथं संपतं तिथं, आडवी पांढरी रेघ उमटलेली होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तिसरी अंडीवाली आहे. अंड्यात डोळे दिसायला लागलेत. आता काय करायचं ते तुम्ही येऊन सांगा, नाहीतर हे सगळं मी कुणाला तरी देऊन टाकणार."

अंड्यात काळे ठिपके, म्हणजे पिल्लांचे डोळे, दिसायला लागले की साधारण आठवडा उरतो. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत पाण्याच्या उबेप्रमाणे तीन ते साडेचार आठवडे जातात, कोल्हापूरच्या हिवाळ्यात चारच्या पुढेच. आमच्या हातात पाच-सहा दिवस होते.

त्या रविवारी काय दिसलं

मी पोचलो तेव्हा आबांची रविवारची साफसफाई सुरू होणार होती. बादली, नळी, स्पंज आणि जुना टूथब्रश अशी अवजारं ओळीनं मांडलेली. मी म्हटलं, आबा, रोज करता तसंच करा, मी नुसता बघतो. ते खूश झाले.

टाकी इतकी स्वच्छ होती की मला धडकीच भरली. चारही काचा लख्ख. खडीत बोट घातलं तरी गढूळपणा नाही. प्लॅस्टिकच्या पानांवर बुळबुळीत असं काही नाही. दर रविवारी आबा चारही काचा घासत, नळीनं खडीतला गाळ ओढत, निम्मं पाणी बदलत आणि फिल्टरचा स्पंज काढून बाथरूमच्या नळाखाली पिळून पिळून धूत. ओढलेलं पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत. संक्रांतीपासून त्यांनी बदलायचं पाणीही सुधारलं होतं: नगरपालिकेच्या नळाचं बंद, स्वयंपाकघरातल्या आरओचं सुरू.

"आबा, नगरपालिका नव्हे, महानगरपालिका," नात म्हणाली.

"पाणी तेच," आबा.

स्पंजवर त्यांचा हात गेला तेव्हा मी थांबवलं. का थांबवलं, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. टाकीत पिल्लाला तोंड लावायला काही नव्हतं. घाण असलेली जागा एकच, फिल्टर, एवढंच डोक्यात होतं. वहिनींकडून पांढरी प्लॅस्टिकची परात मागितली. फिल्टरची टाकी हलक्या हातानं काढली आणि आतलं पाणी स्पंजासकट परातीत ओतलं. चहाच्या गाळासारखा चोथा खाली बसला. मिनिटभर काही नाही. मग त्या चोथ्याचा एक कण आडवा सरकला. दुसरा सरकला. वहिनींनी चष्मा काढून परातीला नाक लावलं आणि "अगं बाई!" म्हणाल्या.

अकरा होती. तीन-चार मिलिमीटरची, काचेसारखी आरपार, पाठीवर तांबूस ठिपक्यांची शिंपण. दोन आठवड्यांपूर्वी "गेलेली" दुसऱ्या खेपेची पिल्लं. आबा दर रविवारी फक्त स्पंज काढत, तळाच्या खोबणीतलं पाणी तसंच राही. खोबणीत होती ती वाचली. स्पंजाला चिकटलेली कुठं गेली हे कुणी बोललं नाही. आबा बाथरूमच्या दाराकडं बघत राहिले, एवढं मला आठवतं.

मग नेमकं मारत काय होतं?

लोकांना एक गुन्हेगार सापडला की बरं वाटतं. इथं तसं नव्हतं.

चेरी श्रिंपचं पिल्लू अळीच्या अवस्थेतून जात नाही. अंड्यातून बाहेर पडतं ते मोठ्या श्रिंपची बारीक नक्कल म्हणूनच, आणि पहिल्या तासापासून चरायला लागतं. (आमानो श्रिंप किंवा हॉटेलातली गोड्या पाण्याची मोठी कोळंबी यांच्या अळ्यांना मचूळ, खारट पाणी लागतं, म्हणून ती घरच्या टाकीत वाढत नाहीत. चेरीचं हेच सुख.) पण हे पिल्लू अन्नामागं जात नाही. टाकीच्या एका कोपऱ्यात टाकलेली गोळी दुसऱ्या कोपऱ्यातल्या पिल्लासाठी पन्हाळ्यावर टाकल्यासारखीच. ते जिथं बसतं तिथंच, चार बोटांच्या टापूत, काचेवरचा, पानावरचा, लाकडावरचा बुळबुळीत थर ओरबाडून खातं. त्या थरात जिवाणू, शेवाळ, सूक्ष्म जीव असं सगळं असतं. आबा दर रविवारी घासून काढत होते तो हाच थर. पिल्लं फिल्टरमध्ये ओढली गेली हे खरं, पण टिकली ती तिथं जेवण होतं म्हणून.

दुसरी गोष्ट पाणी. त्याचं माप घ्यायला आमच्याकडं साखर कारखान्याची लॅब घरातच होती. आबांनी आतून हार्डनेस मोजायचा खोका काढला: ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची मापाची काचनळी, आणि ईडीटीए, एरिओक्रोम ब्लॅक टी ही रसायनं. हे टायट्रेशन मी कॉलेजनंतर पहिल्यांदाच बघत होतो. शंकूच्या चंचुपात्रात नळाचं पाणी, त्यात बफर, चिमूटभर निर्देशक, की पाणी द्राक्षाच्या दारूसारखं तांबडं होतं. मग ब्युरेटमधून थेंब थेंब. तांबडं, जांभळट, अजून जांभळट, आणि एका थेंबाला लख्ख निळं. आबांचा हात त्या शेवटच्या थेंबाला आपोआप थांबत होता. (बफरमध्ये अमोनिया असतो, त्यामुळं हे काम टाकीपासून लांब, गॅलरीत केलं.)

नळाचं पाणी: हार्डनेस ६०, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ११०. सोसायटीच्या बोअरचं: ३२० आणि ६२०. आरओचं: १० आणि ३५. टाकीतलं: हार्डनेस ३५. सगळे आकडे दर लिटरला मिलिग्रॅममध्ये.

हार्डनेस मोजायला मासेवाले जे जीएच अंश म्हणतात त्यातला एक अंश म्हणजे साधारण १७.८ मिलिग्रॅम. चेरी श्रिंपला ६ ते ८ अंश मानवतात, म्हणजे ११० ते १४० च्या आसपास. टाकीत होते २. श्रिंपला कवच कॅल्शियमचं करायचं असतं आणि ते वारंवार, कारण वाढण्यासाठी त्याला कात टाकावी लागते. पिल्लं तर काही दिवसांआड कात टाकतात. पाण्यात क्षार नाहीत, त्यात दर रविवारी निम्मं पाणी एका झटक्यात बदललेलं. अशा वेळी कवच जिथं नीट उकलायला हवं तिथं उकलत नाही, कंबरेभोवती फुटतं आणि प्राणी त्यातच अडकून मरतो. त्या दोन माद्यांच्या पाठीवरची पांढरी रेघ हीच.

आबांनी वहीत आकडे मांडले आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "बॉयलरला हे टाकीतलं पाणी लई चांगलं."

समोरचे पर्याय

वेळ कमी, त्यामुळे पर्यायांवर चर्चा गरमागरम झाली.

वहिनींचं म्हणणं: अंडीवाली मादी जाळीच्या वेगळ्या डब्यात ठेवावी, पिल्लं झाली की काढावी. दुकानात हेच सांगतात. गप्पींच्या बाबतीत ठीक आहे. पण श्रिंपची मादी अंडी पोटाखालच्या पायांत धरून सतत हलवत असते, त्यांना ताजं पाणी देत असते. पकडापकडीत बिथरली तर ती अंडी झटकून टाकू शकते. शिवाय नवाकोरा डबा म्हणजे पुन्हा तोच लख्खपणा, पिल्लाला चरायला काही नाही. हा पर्याय मी मोडीत काढला आणि आजही तसंच करेन.

मित्राचं म्हणणं: सगळं उपसून नवी, "श्रिंपची" टाकी लावू. हौसेचं काम, पण नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना जातो. पिल्लं आठवड्यात येणार होती.

तिसरा मुद्दा हायड्रा या बारक्या जलचराचा. मागच्या काचेच्या वरच्या कडेला पाच-सहा पांढरे धागे दिसले, टोकाला हात पसरलेले. हायड्रा नवजात पिल्लाला पकडू शकतो. जनावरांच्या जंतावरचं फेनबेन्डाझोल त्यावर चालतं आणि श्रिंपला सहसा बाधत नाही, पण गोगलगायींच्या काही जाती त्यानं मरतात. मी म्हटलं, सहा धाग्यांसाठी पाण्यात औषध नको. हायड्रा जादा खाद्यावर वाढतो, खाद्य निम्मं करा. हा निर्णय बरोबर होता की नशिबानं निभावला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि पाणी. एकदम बदलून क्षार वाढवणं म्हणजे आधीचीच चूक उलट्या दिशेनं. न बदलणं म्हणजे नव्या पिल्लांना दोन अंशांत जन्म देणं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो परातीतल्या अकरा जणांवर. मुलगी म्हणाली टाकीत सोडा. मी म्हणालो, सहा दिवस फिल्टरमध्येच राहू द्या, तिथं अन्न आहे, टाकीत थर तयार झाला की आणू. वहिनींनी एकच विचारलं, "आणि लाईट गेली तर?" लाईट गेली की फिल्टरचं वाहतं पाणी थांबतं. त्या वाटीभर कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू सगळ्यात आधी संपणार, आणि तिथंच पिल्लं. मला हे सुचलं नव्हतं. पिल्लं टाकीत गेली, आणि सोबत तो सगळा चोथाही, आबांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

काय केलं

पाण्याचा हिशेब आबांनीच मांडला. नळाचे तीन भाग, बोअरचा एक: साठाचे तीन आणि तीनशेवीसचा एक, भागिले चार, बरोबर १२५. सात अंश. टीडीएस २४० च्या आतबाहेर. नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत, हवेच्या पंपाचा दगड सोडून ठेवायचं म्हणजे क्लोरिन उडून जातं.

हे पाणी टाकीत ओतायचं नाही, ठिबकायचं. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला. त्याच्या चाकानं वेग हवा तेवढा बांधता येतो. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब ठेवला तर तासाला १८० मिलिलिटर, चार लिटरला बावीस तास. दिवसाला चार लिटर काढायचं आणि चार लिटर असं ठिबकायचं. दहा दिवसांनी टाकीतला हार्डनेस ९० च्या जवळ गेला, महिन्यानं १२० ला टेकला. ठिबक बघायला आबा रात्री दोनदा उठायचे, असं वहिनी सांगतात.

फिल्टरच्या ओढत्या नळीच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज चढवला. हवेच्या पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर वेगळा लावला. त्यात ओढलं जायला काही नसतं आणि त्याचं अख्खं अंग पिल्लांसाठी कुरणच. धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबून, बास.

आबांशी तह झाला तो काचांवर. समोरची काच त्यांची, हवी तेवढी घासावी. बाकीच्या तीन पिल्लांच्या. खडीतला गाळ पंधरा दिवसांतून एकदा, तोही वरवर, पांढऱ्या बादलीत. दहा मिनिटं थांबून, बॅटरी मारून बघायचं आणि चमच्यानं पिल्लं परत सोडायची. कढीपत्त्याचा खुराक बंद.

वहिनींच्या शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे. गळून वाळलेली दोन पानं स्वच्छ धुऊन, उकळून टाकीत बुडवली. आठवड्याभरात त्यांवर साय धरली आणि दोन महिन्यांत शिरांची जाळी तेवढी उरली. खाद्य मोहरीच्या दाण्याएवढं, एक दिवसाआड. पालक घालू का, असं वहिनींनी विचारलं. बाजारातल्या पालकावर काय फवारलंय हे कळायला मार्ग नाही, आणि कीटकनाशकाचा जो अंश माणसाला जाणवतही नाही तो श्रिंपला पुरतो. पालक नको म्हटलं. संध्याकाळी त्या खोलीत मच्छर मारायचा स्प्रेही बंद.

आणि मी घरून मूठभर जावा मॉस, म्हणजे शेवाळासारखं झुपकेदार पाणझाड, आणून दिलं. त्याची गोष्ट पुढं.

मधला घोळ

तिसऱ्या मादीनं पाचव्या दिवशी पिल्लं सोडली. रात्री बॅटरीच्या उजेडात मुलीनं २२ मोजली. सगळे खूश. मी तर जरा फुशारलोच होतो.

दुसऱ्या आठवड्यात १६. तिसऱ्यात ९.

मी फोनवर हायड्राला दोष दिला आणि औषध आणायचं ठरवलं. वहिनी म्हणाल्या, आणायच्या आधी एकदा परात करू. मॉस उचलून परातीत झटकलं, तर पिल्लांबरोबर एक काडी पडली. काडी चालायला लागली. सहा पाय, मोठे डोळे आणि मागं पानांसारख्या तीन शेपट्या.

टाचणीची अळी. चतुराची धाकटी बहीण म्हणावी अशी ती टाचणी, तिची अळी पाण्यात राहते, मॉससारख्या झाडीत दबा धरते आणि खालचा ओठ झटक्यात पुढं फेकून सावज पकडते. तीन शेपट्या म्हणजे तिचे कल्ले. माझं मॉस गच्चीवरच्या उघड्या टबातलं. टाचण्या तिथं अंडी घालतात हे मला चांगलं माहीत होतं, कारण पावसाळ्यात मी त्यांचे फोटो काढतो! टाकीत घालण्याआधी मॉस आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवून बघायला हवं होतं. घाई होती हे खरं, पण घाई मी लावून घेतली होती. पिल्लांना पहिले पंधरा दिवस बदामाच्या पानांवर काढता आलेच असते.

दोन अळ्या निघाल्या. त्यानंतर नऊचे आठ झाले नाहीत. हायड्रा तेव्हाही काचेवर होता.

वहिनी मला काही बोलल्या नाहीत. आबा म्हणाले, "चला, मी एकटाच न्हाई."

उन्हाळा

मार्चअखेरची चौथी खेप जवळपास सगळी टिकली. मग मे आला. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, दुपारी चारला टाकीतलं पाणी ३१ अंश सेल्सियस. चेरी श्रिंप २८ पर्यंत निवांत असतात. त्यापुढं पाण्यात प्राणवायू कमी धरतो आणि जनावराला लागतो जास्त. दोन मोठे श्रिंप त्या आठवड्यात गेले.

बर्फाच्या बाटल्या टाकायचा विचार सोडून दिला. दुपारी ३१, बाटली टाकली की २७, वितळली की पुन्हा ३१, हे चढउतार उकाड्यापेक्षा वाईट. त्याऐवजी वरचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला. माठ गार राहतो त्याच तत्त्वानं पाणी अडीच अंशांनी उतरलं. वळीव येईपर्यंत तेवढं पुरलं.

पण पंख्यानं पाणी उडायला लागलं, दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात. भर घालताना वहिनी नेहमीचं तीन-एकचं मिश्रण घालत होत्या, आणि पंधरा दिवसांत टीडीएस २४० वरून ३२० वर गेला. आबांनी वही बघितली आणि मला फोन केला. आवाजात वेगळाच उत्साह. "अरे, उडालेल्या पाण्याची भर आरओनंच करायला पाहिजे की!"

बरोबर होतं. बदलायच्या पाण्यात क्षार हवेत, भरीच्या पाण्यात नकोत. आता टाकीखाली दोन कॅन आहेत. एकावर आबांच्या अक्षरात 'बदली', दुसऱ्यावर 'बाष्पीभवन'.

निकाल

जूनअखेर मोजदाद केली. अचूक मोजणं अशक्य, पण तीन रात्री मोजून सरासरी ५० च्या पुढे गेली. मूळच्या बारातले आठ शिल्लक. फिल्टरमधल्या अकरांपैकी निदान दहा मोठे झाले. वयात मोठे असल्यानं ओळखू येतात. त्यातल्या एका मादीच्या मानेमागं मेच्या मध्यावरच पिवळट डाग दिसला होता, म्हणजे आत अंडी तयार होत होती. जूनमध्ये ती व्याली.

तिसऱ्या खेपेचे नऊच राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

मॉसचं वर सांगितलंच. त्याखेरीज दोन-तीन गोष्टी.

पहिल्या खेपेनंतर गप्पी काढले आणि त्याच महिन्यात पाणीही बदललं. दोन बदल एकदम झाले की कशानं काय झालं ते कळत नाही. गप्पी काढून महिनाभर बाकी काही न हलवता बघितलं असतं, तर फिल्टर आणि घासाघाशी जानेवारीतच उघडी पडली असती. हे मलाही लागू आहे: फेब्रुवारीत मी एका रविवारी पाच गोष्टी बदलल्या. मुदत नसती तर मी आधी स्पंज चढवला असता आणि काचा सोडल्या असत्या, पाण्याला नंतर हात लावला असता.

आबांना लॅब होती, सगळ्यांना नसते. त्यांच्याशिवाय मी थेंबांची जीएच किट वापरली असती, तीही चालते. पण टीडीएसच्या पेनावर विसंबून राहू नये. ते एकूण क्षार सांगतं, त्यात कॅल्शियम किती हे सांगत नाही. बोअरच्या पाण्यात कधी कधी मीठच जास्त असतं, आणि आकडा बघून माणूस समाधानी होतो.

आणि पिल्लं दिसेनाशी झाली म्हणजे मेली, हे आम्ही सगळ्यांनी फार लवकर धरून चाललो. त्या अकरा जणांना कुणी शोधलंच नव्हतं. परात आधीच्या रविवारीही घरातच होती.

उरला एक प्रश्न, तो आबांनी मागच्या भेटीत काढला. पन्नासाचे दोनशे व्हायला वेळ लागणार नाही. "रंकाळ्यात सोडू का थोडे? तेवढेच मोकळे फिरतील." मी नाही म्हटलं. ही परदेशी जात आहे. जर्मनीत गरम सांडपाणी मिळणाऱ्या एका ओढ्यात टाक्यांतून सुटलेल्या या श्रिंपनी बस्तान बसवलंय, आणि आमच्याकडं तर पाणी बाराही महिने उबदार. पंचगंगेच्या खोऱ्यात स्वतःचे छोटे झिंगे आहेत, त्यांच्या ताटात हे वाढून ठेवायला नको. आबांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते कळलं नाही. पहिले दहा श्रिंप गप्पीवाल्या शेजारच्या मुलाला द्यायचं ठरलंय. गप्पी आधी दुसऱ्या टाकीत हलवायचे, या अटीवर.